शाश्वत विद्यापीठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यावरण समितीवर नाव आलंय आणि पुढे काय करायचं ते कळत नाही, अशा प्राध्यापकांसाठी, अधिसभेत (सिनेटमध्ये) प्रश्न विचारू पाहणाऱ्या सदस्यांसाठी आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. मी स्वतः एका संलग्न महाविद्यालयात अशा समितीवर बरीच वर्षं काढली. खालचे बहुतेक प्रश्न तिथेच, बैठकीत कमी आणि बैठकीनंतरच्या चहाला जास्त, कानावर आलेले आहेत.

शाश्वत विद्यापीठ म्हणजे भरपूर झाडं असलेलं विद्यापीठ ना?

झाडं असतील तर छानच. पण गर्द झाडीच्या आवारात रिकाम्या प्रयोगशाळेतले पंखे रात्रभर फिरत असतील, झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार कंत्राटदाराकडे तीन-तीन महिने अडकत असेल आणि नव्या इमारतीचा खर्च भरून काढायला दरवर्षी फी वाढत असेल, तर ते विद्यापीठ हिरवं म्हणता येईल, शाश्वत नाही. मी एक साधी कसोटी लावतो. आज जे चाललंय ते असंच आणखी तीस वर्षं चालवता येईल का? पाणी पुरेल का, पैसा पुरेल का, माणसं टिकतील का? एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं, तरी उरलेल्या दोघांची घडी फार काळ बसत नाही.

हे परदेशी फॅड आहे, असं आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात. खरं आहे का?

शब्द बाहेरून आले, हे खरं. १९९० मध्ये फ्रान्समधल्या तालुआर गावी जगभरातले २२ विद्यापीठप्रमुख जमले आणि त्यांनी दहा कलमी जाहीरनामा काढला. विद्यापीठांनी स्वतःच्या कारभारातच पर्यावरणाचा विचार करावा, असं विद्यापीठांच्या प्रमुखांनीच सांगितलेला तो पहिला मोठा दस्तऐवज. पुढे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आली आणि कॉलेजांच्या भिंतींवर त्यांची रंगीत चौकोनी चित्रं लागली.

पण सहकाऱ्यांना साताऱ्याची आठवण करून द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातली मुलं शेतात राबायची, स्वयंपाक-पाण्याची कामं करायची आणि त्यावर शिकायची. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं तेही याच 'कमवा आणि शिका'च्या पायावर. खर्च भागवण्याची सोय, जमिनीशी नातं आणि सामाजिक समता ही एकाच वसतिगृहात नांदत होती. त्याला शाश्वतता म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

आमच्याकडे पर्यावरण समिती आहे, वित्त समिती आहे, विद्यार्थी विकास मंडळही आहे. मग तिन्ही एकत्र पाहायची गरज काय?

कारण या समित्यांचे निर्णय एकमेकांच्या पायावर धोंडा टाकतात. उदाहरण परीक्षेचंच घेऊ. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेम्पोतून फिरवण्यापेक्षा त्या स्कॅन करून पडद्यावर तपासणं हे कागदोपत्री हिरवंही आहे आणि वेगवानही. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये ऑनस्क्रीन मूल्यांकन सरसकट आणि घाईने आणलं. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावं लागलं. यंत्र वाईट नव्हतं. तपासणारे शिक्षक तयार आहेत का आणि मुलांच्या तारखा सांभाळल्या जातील का, हे आधी कुणी पुरेसं पाहिलं नाही. आज हीच पद्धत अनेक ठिकाणी बिनबोभाट चालते.

सुरुवात कुठून करायची?

वीजबिलापासून. रोपांपासून नाही, शपथेपासून नाही आणि लोगोपासून तर मुळीच नाही.

लेखा विभागातून मागच्या बारा महिन्यांची बिलं मागून घ्या. बहुतेक ठिकाणी ती एका फाइलमध्ये छान लावलेली असतात आणि भरण्यापलीकडे ती कुणी उघडलेली नसतात. मोठ्या आवारांचं कनेक्शन उच्चदाबाचं असतं. तिथे युनिटखेरीज 'कॉन्ट्रॅक्ट डिमांड'चेही पैसे लागतात. म्हणजे तुम्ही महावितरणला 'एका वेळी एवढा भार लागेल' असं सांगून ठेवलेलं असतं आणि प्रत्यक्ष वापर कमी झाला तरी त्याचा ठरावीक हिस्सा भरावाच लागतो. कधीकाळी कुणीतरी 'असू दे, पुढे इमारत वाढेल' म्हणून मागून ठेवलेली डिमांड वर्षानुवर्षं भरणारी विद्यापीठं आहेत. एका अर्जाने ती कमी करता येते. याला फारसा खर्च येत नाही आणि उद्घाटनही नसतं, म्हणूनच कदाचित ते होत नाही.

मग एका रविवारी रात्री मीटरचं वाचन घ्या आणि सोमवारी पहाटे पुन्हा घ्या. कॉलेज बंद असताना जे युनिट पडले, ते कुठे गेले ते शोधा. आम्ही शोधलं तेव्हा एक पाण्याची मोटर, दोन रिकाम्या सभागृहांचे एसी आणि सर्व्हर खोलीतला एक फ्रीज निघाला. फ्रीजमध्ये दोन पाण्याच्या बाटल्या होत्या.

पंखे, दिवे बदलून असा कितीसा फरक पडणार?

हिशेब करून पाहा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा साधारण २८. फरक ४७ वॉटचा. वर्गातला पंखा दिवसाला ८ तास आणि वर्षाला २०० दिवस चालतो असं धरलं, तर वर्षाला ७५ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर ७५० रुपये. तीन हजारांचा पंखा वसूल व्हायला चार वर्षं लागली.

तोच पंखा वसतिगृहात लावा. तिथे तो दिवसाला १५ तास, वर्षाला २८० दिवस फिरतो. बचत जवळपास १९७ युनिट, म्हणजे वर्षाला दोनेक हजार रुपये. दीड वर्षात पैसे वसूल! म्हणून आधी वसतिगृह आणि अभ्यासिका, मग वर्ग, आणि सगळ्यात शेवटी कुलगुरूंचं दालन. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा असतो.

छतावर सौर पॅनेल लावले की काम झालं?

बरंच होतं. १ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर मोकळं, सावली न पडणारं छत लागतं आणि महाराष्ट्रात त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. १०० किलोवॉट बसवले तर वर्षाला सुमारे १ लाख ४६ हजार युनिट. आपल्याकडच्या ग्रिडची वीज युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. त्या हिशेबाने वर्षाला शंभरेक टन टळले.

पैसे नसतील तर कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवते आणि तुम्ही तिला ठरलेल्या दराने युनिटचे पैसे देता, अशीही पद्धत आहे. करार वीस-पंचवीस वर्षांचा असतो. तेव्हा तो सही करण्याआधी वाणिज्य आणि विधी विभागातल्या माणसांना दाखवा, ती तुमच्याच आवारात बसलेली आहेत. आणि पॅनेल धुणार कोण, हे करारात लिहून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे धुळीचा असा थर बसतो की पॅनेल आहे का पत्रा, हे खालून कळत नाही.

एक क्रम मात्र पाळा: आधी उधळपट्टी थांबवा, मग पॅनेल. गळक्या माठात पाणी भरत बसण्यात काय हशील?

पावसाचं पाणी साठवून विद्यापीठ स्वयंपूर्ण होऊ शकतं का?

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. हे सूत्र विद्यार्थ्यांना एकदा सांगा, ते आयुष्यभर विसरत नाहीत. पुण्यात सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १,००० चौरस मीटरच्या छतावर ७ लाख लिटर पडलं, त्यातलं ८० टक्के हाती आलं, म्हणजे ५ लाख ६० हजार लिटर. ऐकायला केवढं मोठं! आता २०० मुलांचं वसतिगृह धरा, माणशी १३५ लिटर. दिवसाला २७ हजार लिटर लागलं. सगळं पाणी एकवीस दिवसांत संपलं.

म्हणून छताखालच्या टाकीवर भिस्त ठेवू नका, आवाराकडे पाहा. शिवाजी विद्यापीठाचं कोल्हापुरातलं आवार ८५३ एकरांचं आहे. तिथे तलाव आहेत, विहिरी आहेत, उतार आहेत आणि पावसाचं पाणी या तलाव-विहिरींकडे वळवण्याचं काम त्या विद्यापीठाने मन लावून केलं. एवढी जमीन हाताशी असणं हेच आपल्या जुन्या विद्यापीठांचं मोठं भांडवल आहे. गणेशखिंडीतलं पुणे विद्यापीठाचं आवारही ४११ एकरांचं. अशा ठिकाणी नकाशावर उतार पाहून चर खणणं, जुनी विहीर उपसून गाळ काढणं, डांबरी पार्किंगऐवजी पाणी मुरेल अशी फरसबंदी करणं, ही कामं कूपनलिकेपेक्षा स्वस्त पडतात. पाणी वाहत कुठे जातं ते भूगोलाच्या मुलांना भर पावसात छत्री घेऊन पाहायला लावा.

आणि गळका नळ. त्याच्याखाली २० लिटरची बादली लावा. चार तासांत भरली, तर तो एक नळ दिवसाला १२० लिटर घालवतो, म्हणजे एका माणसाचं जवळपास दिवसभराचं पाणी. प्लंबरला बोलवायला मात्र तीन सह्या लागतात. त्या तीन सह्या एकीवर आणा.

वृक्षारोपण तरी करू ना? तेवढंच निर्विवाद काम आहे.

निर्विवाद नाही, सांगतो का ते. एक तर दरवर्षी ५ जूनला, पर्यावरण दिनी, त्याच खड्ड्यात नवं रोप लागतं, मागे पर्यावरण वाचवण्याचा संदेश देणारा प्लॅस्टिकचा फ्लेक्स असतो. हा विनोद आता जुना झाला, पण खड्डा अजून तोच आहे.

दुसरं कारण जास्त गंभीर. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी ग्लिरिसिडिया भरभरून लावला. तो झपाट्याने वाढला, टेकडी हिरवी दिसू लागली आणि खालचं गवत, त्यात राहणारे किडे-पक्षी मागे हटले. आपल्याकडचे माळ, सडे (खडकाळ पठारं) आणि कुरणं ही 'पडीक' जागा नसते. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे. जांभ्याच्या अशा पठारांवर पावसाळ्यात इवल्याशा वनस्पतींचं एक वेगळंच जग उगवतं आणि खडकाच्या भेगांतून पाणी खालच्या झऱ्यांना मिळतं. तिथे जेसीबीने खड्डे घेऊन बाहेरची माती टाकणं म्हणजे सेवेच्या नावाखाली नुकसान.

तेव्हा आधी वनस्पतिशास्त्राच्या विभागाकडून आवाराची यादी करून घ्या. माळ असेल तर तो माळच राहू द्या. झाडं लावायचीच तर करंज, बहावा, पळस, उंबर, कडुनिंब अशी इथलीच लावा आणि पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव रजिस्टरला लिहा. उभी जुनी झाडं वाचवणं हे नव्या रोपांपेक्षा नेहमीच मोठं काम. महाराष्ट्रात ५० वर्षांवरच्या शहरी झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने 'हेरिटेज' दर्जा दिला आहे. नव्या इमारतीचा आराखडा येईल तेव्हा हे मुद्दाम काढून दाखवा.

कचऱ्याचं काय? ओला-सुका डबे तर ठेवलेत.

डबे दोन आणि गाडी एक, हे सगळीकडचं चित्र. आत सगळं पुन्हा एकत्र होतं आणि मुलं ते पाहत असतात. त्यानंतर तुमच्या भाषणावर कोण विश्वास ठेवणार?

मेसपासून सुरू करा. आठवडाभर ताटातलं उष्टं वजनकाट्यावर मोजा आणि आकडा दारातल्या फळ्यावर लिहा. बाकी काही करू नका. तो आकडा आपोआप उतरायला लागतो. बटाट्याची कोणती भाजी कुणालाच आवडत नाही, हेही त्यातून कळतं. उरलेल्या खरकट्यासाठी बायोगॅस आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं 'निसर्गऋण' संयंत्र मोठ्या स्वयंपाकघरांना चालतं. पुण्याच्या 'आरती' संस्थेचं घरगुती संयंत्र छोट्या मेसला पुरतं, त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला होता. पण संयंत्रात लिंबाच्या साली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या गेल्या की ते बंद पडतं आणि पुढची दहा वर्षं पाहुण्यांना लांबूनच दाखवलं जातं. त्यासाठी एक जबाबदार, नीट पगार मिळणारा माणूस नेमावा लागतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांवर स्वतंत्र जबाबदारी टाकली गेली, तेव्हा हा केवळ हौसेचा विषयही उरलेला नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण विद्यापीठाने कचऱ्याबाबत केलेलं सर्वांत मोठं काम माझ्या मते हेच. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरावेचक बायकांमध्ये आणि त्यांच्या मुलांमध्ये काम करायला गेल्या. शिकवायला गेल्या आणि शिकून आल्या: या बायका शहराचा कचरा फुकट वेगळा करतात आणि चोर म्हणून हाकलल्या जातात. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कष्टकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेबरोबर तिचा करार झाला. ओळखपत्र, हातगाडी, घरोघरी जाऊन कचरा घेण्याचा हक्क. एका विस्तार विभागाच्या वर्गातून शहराची व्यवस्था बदलली. यात पर्यावरण कुठे संपतं, कमाई कुठे सुरू होते आणि प्रतिष्ठा कुठे, ते मला वेगळं करून दाखवता येणार नाही.

आर्थिक शाश्वतता म्हणजे शेवटी फीवाढच ना?

फीवाढ हा सोपा मार्ग आहे, टिकाऊ नाही. फी वाढली की आधी शेतकऱ्याची मुलगी गळते, मग पटसंख्या आणि मग अभ्यासक्रम.

माझा भर दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे फिरता निधी. वीज-पाण्यात जे पैसे वाचतील ते सर्वसाधारण खात्यात विरघळू देऊ नका. वेगळ्या शीर्षाखाली ठेवा आणि त्यातूनच पुढची कामं करा. पंख्यांनी पॅनेल आणावं, पॅनेलने पाणी आणावं. यासाठी वित्त विभागाचा एक ठराव लागतो आणि तो मिळवणं हेच खरं कष्टाचं काम आहे.

दुसरी गोष्ट खरेदी. निविदेत सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम, ही आपली पक्की सवय. मग स्वस्त एसी येतो आणि दहा वर्षं वीज खातो. निविदेच्या अटींतच वीजबचतीचे स्टार, हमीची वर्षं आणि वापराचा अंदाजे खर्च लिहिला, तर कमीत कमी दराचा नियम न मोडताही चांगली वस्तू घेता येते. अटी लिहिणाऱ्या माणसाबरोबर अर्धा तास बसा. पर्यावरण दिनाच्या दहा व्याख्यानांपेक्षा तो अर्धा तास जास्त कामाचा.

सामाजिक शाश्वतता ही जरा हवेतली गोष्ट वाटते. तिथे मोजायचं काय?

भरपूर आहे मोजायला, फक्त मोजलेलं आवडत नाही.

तासिका तत्त्वावर शिकवणारे किती? महाराष्ट्रातल्या अनेक विभागांत पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि शिकवण्याचा गाडा हे सीएचबीवाले (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वावरचे) ओढतात. तासाप्रमाणे मोबदला, सुट्टीत काही नाही आणि जे मिळायचं तेही उशिरा. पीएच.डी. झालेला माणूस दोन कॉलेजांत तास घेऊन मधल्या वेळात एसटीत डबा खातो. त्याने वर्गात शाश्वत विकास शिकवायचा. मुलं हसत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

सफाई, सुरक्षा आणि बागकामाच्या कंत्राटी लोकांना किमान वेतन वेळेवर मिळतं का? कंत्राटदाराचं बिल मंजूर करताना बँकेत पगार जमा झाल्याचा पुरावा मागायचा, एवढी एक अट पुरते.

शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून उशिरा येते तेव्हा मागासवर्गीय विद्यार्थ्याची गुणपत्रिका किंवा दाखला अडवला जातो का? व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींची फी सरकारने २०२४ मध्ये माफ केली. पण मेसचे पैसे कोण देणार, हे तिच्या वडिलांना विचारा. कमवा आणि शिका योजनेतला तासाचा दर शेवटचा कधी वाढला? अपंग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा ठेवल्या आहेत. त्यातल्या किती भरल्या आणि वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर ती मुलं पोचतात कशी? मुलींच्या स्वच्छतागृहात संध्याकाळी पाच वाजता पाणी असतं का?

हे सगळे आकडे पर्यावरण अहवालाच्याच फायलीत लावा. शेजारी-शेजारी दिसले की बोलणं बदलतं.

विद्यार्थी येतात-जातात त्याचं काय करणार? पार्किंग तर भरून वाहतंय.

दुचाकीशिवाय येता येईल अशी सोय करा. तालुक्याच्या गावात एसटीचं वेळापत्रक कॉलेजच्या वेळापत्रकापेक्षा महत्त्वाचं असतं. विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. पण प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि गावाकडची शेवटची गाडी सव्वापाचला. मग घरून हप्त्यावर गाडी घेतली जाते, किंवा मुलीचं विज्ञान सुटून कला शाखा होते. प्रॅक्टिकल अर्धा तास अलीकडे आणलं की पेट्रोलही वाचतं आणि मुलगीही टिकते. अशा ठिकाणी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मोलही कळतं. १९८९ पासून ते शिक्षणच घरापाशी नेतंय.

पर्यावरण हा विषय तर सक्तीचा आहेच. अभ्यासक्रमात आणखी काय हवं?

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ ला पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्याचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) पदवीसाठी सहा महिन्यांचा सामायिक पाठ्यक्रम आखला. त्याचं पुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या डॉ. इराक भरुचा यांनी लिहिलं. २०२३ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाला धरून नवा आराखडाही आला. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात हा 'पास व्हायचा' पेपर झाला आणि प्रकल्पवही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागली, वर सोनेरी अक्षरं.

माझा उपाय असा की प्रकल्पाचा विषय दोन किलोमीटरच्या आतला हवा. तो विकत मिळत नाही. वाणिज्यच्या मुलांनी कॉलेजचं बारा महिन्यांचं वीजबिल लावून दाखवावं. संख्याशास्त्राच्या मुलांनी मेसच्या उष्ट्याचा नमुना काढावा. मराठी विभागाने गावोगावचे पाण्याचे शब्द गोळा करावेत: आड, बारव, टाकं, पाट, चर. उत्तर महाराष्ट्रातल्या मुलांनी पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या फड पद्धतीचं पाणीवाटप आजोबांकडून समजून घ्यावं. उतारावरून वाहणारं पाणी गावाने शतकानुशतकं नियमाने वाटून घेतलं, हा शाश्वततेचा धडा कुठल्याही परदेशी पुस्तकाच्या तोडीचा आहे.

गावांसाठी विद्यापीठाने काही करावं का, की आधी आपलंच आवार सांभाळावं?

दोन्ही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. त्या सात दिवसांत रस्ता झाडण्यापेक्षा गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत वाचून दाखवला तर तो मागे राहतो. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्राने १९८५ पासून ग्रामीण प्रश्न अभियांत्रिकीच्या वर्गात आणले. गडचिरोलीत तर विद्यार्थ्यांनाच ग्रामसभेकडून शिकायला जावं लागेल. तिथल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर सगळ्या गावाचा हक्क, मिळाला आणि तिथली सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत आपल्या कुठल्याही विद्या परिषदेने एकदा पाहून यावी अशी आहे.

ग्रीन ऑडिट आणि रँकिंग यांचा उपयोग होतो का?

थोडा होतो. उच्च शिक्षण संस्थांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात ऊर्जा, पाणी, कचरा, अपंगांसाठी सोयी हे सगळं येत असल्याने निदान फाइल तरी तयार होते. अडचण अशी की ऑडिट करणारा दोन तासांत आवार फिरतो, प्रमाणपत्र देतो आणि त्यातल्या शिफारशी कुणी वाचत नाही. मागच्या ऑडिटच्या शिफारशींपैकी किती पूर्ण झाल्या, हे नव्या ऑडिटच्या पहिल्या पानावर छापा. आमच्या समितीत हे सुचवलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

जागतिक यादींत इंडोनेशिया विद्यापीठाची २०१० पासूनची 'ग्रीनमेट्रिक' सर्वांत ओळखीची. तिच्यात बरीच वर्षं ऊर्जेला २१ टक्के, कचरा, वाहतूक व शिक्षण यांना प्रत्येकी १८, परिसराला १५ आणि पाण्याला १० टक्के गुण होते. भरघोस पावसाच्या देशात केलेली ही वाटणी. मराठवाड्यातल्या विद्यापीठाने स्वतःपुरतं पाण्याला निम्मं वजन द्यायला काय हरकत आहे?

आमचं कॉलेज छोटं आहे, विनाअनुदानित. आम्हाला हे झेपेल का?

झेपेल. छोट्या कॉलेजात मीटर एक, मेस एक आणि निर्णय घेणारा माणूसही एक. मोठ्या विद्यापीठाची ताकद निराळी. त्याला शेकडो कॉलेजं संलग्न असतात, म्हणून एका परिपत्रकाने डोंगराएवढा फरक पडतो. 'प्रबंध आणि प्रकल्प पाठपोट छापावेत, कडक बांधणी नको' एवढ्या दोन ओळींनी किती रिम कागद आणि किती पालकांचे पैसे वाचतील, हे परीक्षा विभागाने एकदा मोजावं.

मी नुसता विद्यार्थी आहे. माझं कोण ऐकणार?

माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर सार्वजनिक विद्यापीठाची वीजबिलं मिळतात. पण आधी लेखा विभागात जाऊन साधं विचारून पाहा, बऱ्याचदा लोक आनंदाने देतात. त्यांनाही इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नसतं. मग तो तक्ता घेऊन एखाद्या अधिसभा सदस्याकडे जा. त्यांना प्रश्न हवेच असतात.

समितीची पहिली बैठक कधी घ्यावी?

५ जूनला घेऊ नका. विद्यापीठाचा अर्थसंकल्प मार्चमध्ये अधिसभेपुढे येतो. जूनमध्ये बसलात तर वर्षभराचे पैसे आधीच वाटून झालेले असतात आणि तुमच्या वाट्याला फक्त रोपं उरतात. बैठक नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात घ्या. वित्त अधिकाऱ्यांना, मेसच्या मामांना आणि सफाईच्या मुकादमाला बोलवा. सोबत बारा वीजबिलं, उष्ट्याच्या वजनाची वही आणि गळक्या नळांची यादी आणा. चहा स्टीलच्या पेल्यात.